वादीपलीकडचं पाणी

मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची आम्हा कोकणी लोकांना जुनी खोड आहे. जिवंतपणी ज्याला कुणी ओटीवर बसवून घेतलं नाही, त्याच्या मयतीला सगळं गाव ‘मोठ्या मनाचा होता’ म्हणत खांदा देतं. बदरुद्दीन परकार अजून जिवंत आहे, धडधाकट आहे, म्हणून त्याच्याबद्दल खरं बोलायला हरकत नाही. तो भांडखोर होता, बढाईखोर होता, आणि दुसऱ्याला दोन शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. तरीही उम्म सिद्रच्या माळावर ज्याची गाडी दिसली की लोकांचा जीव भांड्यात पडायचा, असा माणूस तोच. कारण पाणी त्याच्याकडे होतं.

मी खुर्शीद. सौदीतल्या बुरैद्यात जनावरांच्या चाऱ्याच्या गोदामात होतो. नावाला मॅनेजर, कामाला हमाल. उम्म सिद्रकडे जवाची पोती पोहोचवायला मी महिन्यातून दोनदा जायचो, आणि रस्ता संपला की बदरुद्दीनच्या टँकरमागे गाडी लावायचो. एकट्यानं तिकडे जायची माझी छाती नव्हती.

उम्म सिद्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. बुरैद्याहून वायव्येला दोन तास गाडी हाकली की खजुराच्या बागा मागे पडतात आणि माळ लागतो. अरबस्तान म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना वाळूच्या टेकड्याच दिसतात. इथे वाळू होती ती फक्त वादीत. बाकी सगळी कडक जमीन, खडी पसरून ठेवावी तशी, आणि तिच्यात गुडघ्याएवढी अर्फजची झुडपं. हिवाळ्यात दोन सरी बऱ्या पडल्या तर दीडएक महिना हिरवं दिसायचं, मग पुन्हा पिवळं. मधून एकच डांबरी रस्ता. त्यावर मर्कझ, म्हणजे आपलं तालुक्याचं गाव समजा: कचेरी, शाळा, मशीद, पेट्रोल पंप आणि एक दुकान. रस्त्याच्या अंगानं बदू अरबांच्या सहा-सात वस्त्या. पश्चिमेला वादी, म्हणजे कोरड्या नदीचं रुंद पात्र. आणि वादीपलीकडे काळ्या दगडांच्या रांगेपर्यंत नुसता माळ, त्यावर कुठे कुठे मेंढवाडे.

लोकसंख्येची तर गंमतच होती. कचेरीत विचारलं की चार हजार सांगत. त्यातले निम्मे बुरैद्यात नाहीतर रियाधला मलाझमध्ये घरं करून राहिलेले. गुरुवारी रात्री गाड्या भरून येत, शुक्रवारी बिर्याणीसारखा भात खाऊन परत जात. कायम राहणारे म्हणजे म्हातारे, बायका, शाळेतली पोरं आणि आम्ही परदेशी: झाडू मारणारा बंगाली, पंपावरचा यमनी, सुदानी मेंढपाळ. वादीपलीकडची माणसं तर कुणाच्याच मोजणीत नसत. तिथल्या मेंढ्यांच्या कानाला बिल्ला असे, त्यांना टोचायला डॉक्टर येई, मेंढी मेली तर चौकशी होई. मेंढपाळाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपून चार वर्षं झाली तरी कुणाला त्याची फिकीर नसे. राग येतो मला आजही. पण रागानं कुणाचा इकामा नवा होत नाही.

बदरुद्दीन बाणकोटच्या खाडीकाठचा. बाप तरीची होडी चालवायचा, या तीरावरून त्या तीरावर माणसं न्यायचा. याला अरबी नावं कधी नीट पाठ झाली नाहीत, म्हणून त्यानं सगळ्या मुलखाला आपल्या गावची नावं दिली होती. वादीला तो खाडी म्हणायचा, काळ्या दगडांना कातळ, आणि वस्त्यांना मोहल्ले. वादी ओलांडायची एकच जागा त्याला सापडली होती. तिथे उतरून चाकांतली हवा कमी करायचा, ‘बिस्मिल्ला’ म्हणायचा आणि भरलेला टँकर वाळूतून असा काढायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पलीकडे गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणायचा, “बघितलंस? तुज्या बापाला तरी जमला असता काय?” त्याचा टँकर पुढे असताना भांडण परवडणारं नव्हतं.

वादीपलीकडे अगदी टोकाला अबू मिशारी नावाच्या म्हाताऱ्याचा मेंढवाडा होता. उन्हाळ्यात बाकीचे लोक मेंढ्या रस्त्याजवळ आणत. अबू मिशारीचं चुलतभावाशी चराईच्या जागेवरून वाजलेलं, म्हणून हा हट्टानं बारा महिने पलीकडेच. स्वतः मात्र मर्कझमध्ये गारव्यात राहायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आपल्याकडे बोलण्यापुरतं; मी ते प्रत्यक्ष पाहिलं. त्या मेंढ्यांपाशी एक पत्र्याची खोपी, एक लोखंडी टाकी आणि पांडू.

पांडू नांदेडकडचा, मुखेड तालुक्यातला धनगर. ‘बागेचं काम’ म्हणून एजंटानं आणला आणि विमानतळावरून थेट माळावर सोडला. बदरुद्दीन त्याला पहिल्यांदा भेटला तेव्हा हिंदीत बोलत होता. पांडू मेंढीला शिवी घालताना मराठीत घसरला आणि बदरुद्दीन टँकरवरून उडी मारून खाली आला. त्या माळावर मराठी कळणारं दुसरं माणूस सापडणं म्हणजे काय, हे घरी बसलेल्याला कळायचं नाही. तेव्हापासून बदरुद्दीनच्या बढायांना हक्काचा श्रोता मिळाला. तो पांडूला घरच्या कालवणातलं काहीबाही नेऊन द्यायचा, त्याचा फोन टँकरच्या बॅटरीवर चार्ज करायचा, टेकाडावर नेऊन रेंज मिळवून द्यायचा, आणि एवढं सगळं करताना त्याच्यावर सारखा खेकसत असायचा. पांडू हसायचा. त्याला कुणी खेकसायलाही नव्हतं.

त्या वर्षी, दोन हजार तेरा साली, सौदीकरणाची कुऱ्हाड पडली. कंपन्यांना रंग वाटले गेले. सौदी माणसं पुरेशी कामावर असतील तर हिरवा, नसतील तर लाल. आणि लाल रंगवाल्याकडच्या परदेशी माणसाचा इकामा पुढे चालू व्हायचा नाही. बदरुद्दीनच्या पाण्याच्या डेपोला लाल रंग आला. मालकानं दोन भाचे कागदावर घेतले, तरी पुरेना. तेव्हा एकाला खरोखरच टँकरवर बसवलं. फवाज त्याचं नाव, विशीचा पोरगा, हातात सतत फोन. बदरुद्दीनला सांगण्यात आलं, खलास, तुझं घरी जायचं तिकीट काढतो.

शेवटच्या फेरीला मी त्याच्यासोबत होतो. फवाज यायचा होता रस्ता बघायला, आला नाही. बदरुद्दीननं त्याला फोनवर सगळं सांगितलं, जागेची खूण फोनवर पाठवली आणि आम्ही दोघंच वादी ओलांडून गेलो. टाकी काठोकाठ भरली. मग बदरुद्दीननं पांडूला समोर बसवलं.

“नवा पोरगा येल. अडानी हाय. तू हितं दिसला नायस तर ‘कोन नाय’ म्हनून माघारी जाईल. तवा टाकी सोडून हलायचा नाय. समजला?”

पांडू म्हणाला, “आन न्हाईच आला तर, चाचा? म्या मेंढराच्या मागं जातो की. त्यायला पाण्याचा वास येतो. आमच्याकडं लेकरालाबी ठावं हाय, मेंढरू जाईल तिकडं जायचं.”

बदरुद्दीन भडकला. त्याला कारण होतं. फाल्गुनात टँकर बिघडून उशीर झाला, तेव्हा पांडू मेंढ्यांमागे निघून गेला होता आणि बदरुद्दीन त्याला दिवस मावळेपर्यंत हुडकत फिरला होता. पांडू कुठल्याशा डबक्यापाशी मजेत बसलेला सापडला. बदरुद्दीननं त्याला तिथेच दोन लगावल्या होत्या.

आणि दुसरं कारण त्याहून जुनं होतं. ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्याचा थोरला भाऊ सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी खाडीत होडी घेऊन गेला आणि होडी गाळात रुतली. तीर समोर दिसत होता. तो होडी सोडून चालत निघाला, कमरेपर्यंत गाळात फसला, आणि भरती आली. होडी मात्र भरतीबरोबर आपोआप सुटली आणि काठाला लागली.

“पानी परत येतां,” बदरुद्दीन म्हणाला. “नेमानं येतां. होडी सोडनारा मरतां. ही टाकी तुजी होडी हाय, पांड्या.”

पांडू मान हलवत होता, पण त्याच्या तोंडावरून दिसत होतं की त्याला हे पटलेलं नाही. खाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तो म्हणाला, “बघू.”

“बघू नाय. शपथ घे. लेकीची घे.”

“लेकीची कशाला, चाचा?”

“घे म्हनतंय ना!”

पांडूची लेक आठ-नऊ वर्षांची. तो गावाहून निघाला तेव्हा ती रांगत होती. पांडूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारा जाता जाता आपलं समाधान करून घेतोय, घेऊ दे. पांडूनं लेकीची शपथ घेतली. बदरुद्दीन खूश झाला आणि त्याला आपली चांगली ताडपत्री देऊन टाकली.

तिकीट काही लवकर निघालं नाही. बदरुद्दीन माझ्या खोलीत येऊन पडला. इकामा संपलेला, रस्त्यावर जागोजागी तपासणी; सापडला असता तर थेट तुरुंगात. तो दिवसभर माझ्या खोलीत बसून डेपोच्या मालकाला फोन लावायचा. “पांडूकडे टँकर गेला?” मालक म्हणायचा, “इन्शाअल्ला.” दुसऱ्यांदा विचारलं तर, “गेला, गेला.” तिसऱ्यांदा मालकानं फोनच उचलला नाही. अबू मिशारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे रियाधला गेलेला, त्याचा फोन बंद. पांडूचा फोन तर बंदच असणार. तो चार्ज करणारा माझ्या खोलीत बसला होता.

जून महिना होता. बुरैद्यात दारावरच्या कडीला हात लावला तर पोळायचा. बदरुद्दीन आधी म्हणायचा, “टाकी मोठी हाय.” मग म्हणायला लागला, “मेंढरां उन्हात लई पितात.” शेवटी एका सकाळी त्यानं नाश्ता पुढे सरकवला आणि म्हणाला, “गाडी काढ, खुर्शीद. पकडला तर पकडला.” मी पाण्याचे डबे भरून घेतले. त्याला मागे जवाच्या पोत्यांमध्ये झोपवलं, आणि आम्ही निघालो. तपासणीवाल्यानं पोत्यांकडे पाहिलंही नाही.

वाटेत मी त्याला धीर द्यायला म्हणालो, “आहे तिथेच असेल तो. तू शपथ घातलीस.”

“हां,” तो पोत्यांतून म्हणाला. “हलायचा नाय. शोधायला लागनार नाय, ती एक बरी गोष्ट हाय.”

वादीच्या अलीकडच्या काठावर टँकरच्या चाकांचे ठसे होते. उतारापर्यंत आलेले, आणि तिथून वळलेले. जिथे वळले होते तिथे जमिनीवर मोठा थोरला डाग होता, वाळून तडे गेलेल्या चिखलाचा. मला आधी कळलं नाही. बदरुद्दीन गाडीतून उतरला, त्यानं तो चिखल पायानं उकरला आणि खाली बसला. भरलेला टँकर त्या पोरानं तिथे मोकळा केला होता. वाळूत उतरायची हिंमत झाली नाही, आणि भरलेला टँकर परत नेला असता तर मामानं शिव्या दिल्या असत्या. हे फवाजनं नंतर स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, मी हॉर्न दिला, पुष्कळ वेळ दिला, कोणी आलं नाही. सांगताना रडत होता. पोरगा वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. निदान कुणाला तरी मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

त्या चिखलात मेंढ्यांच्या खुरांची नुसती गर्दी होती. पलीकडून वादी ओलांडून आल्या होत्या, चिखल चाटून चाटून खड्डे पाडले होते आणि मग घोळक्यानं रस्त्याच्या दिशेला गेल्या होत्या. तिकडे अबू मिशारीच्या त्या चुलतभावाचा हौद होता. माणसाच्या पायाचा ठसा त्यांच्यात एकही नव्हता.

पांडू टाकीच्या सावलीला होता. ताडपत्री टाकीला बांधून त्यानं आडोसा केला होता. तो कसा दिसत होता ते मी सांगणार नाही. त्याच्या बायकोलाही सांगितलं नाही, तुम्हाला कशाला सांगू? टाकीचा नळ उघडा होता आणि नळाखाली त्याची चादर पसरलेली होती.

बदरुद्दीन मेंढवाड्याभोवती फिरत राहिला. जाळी एका बाजूनं मोडून मेंढ्या बाहेर पडल्या होत्या. त्यांच्यामागे पांडूच्या चपलांचे ठसे निघाले होते, थेट टेकाडापर्यंत. मेंढ्यांनी तुडवून तिथे माती भुसभुशीत झाली होती आणि टेकाडामुळे वारं लागत नव्हतं, म्हणून स्पष्ट राहिले होते. टेकाडाच्या पायथ्याशी ते थांबले होते. थोडा वेळ तिथेच इकडेतिकडे झाले होते. आणि मग परत फिरून टाकीकडे आले होते.

“वादीवर जा,” बदरुद्दीन मला म्हणाला. “हॉर्न दे.”

“कशाला?”

“दे म्हनतंय ना.”

मी गाडी घेऊन त्या चिखलापाशी गेलो आणि हॉर्न दिला. परत आलो तेव्हा तो टाकीपाशी पांडूच्या शेजारी बसला होता.

“ऐकू येतो,” म्हणाला. “चांगला ऐकू येतो. त्याला वाटला टँकर आला. आता टाकीपाशी दिसायला पायजे, म्हनून माघारी फिरला.”

टेकाडावर चढून मी पोलिसांना फोन केला. बदरुद्दीनचा इकामा त्या दिवशी कुणी मागितला नाही, एवढंच त्याचं नशीब.

अबू मिशारी दुसऱ्या दिवशी आला, डोळ्याला पट्टी लावून. आम्ही सांगितल्यावरून आधी चुलतभावाच्या हौदावर गेला आणि मेंढ्या मोजल्या. एकही कमी भरली नाही. त्यानं आकाशाकडे हात करून अल्लाचे आभार मानले, मग पांडूसाठीही दोन शब्द बोलला, आणि खरं सांगायचं तर मनापासून बोलला. त्यानंतर रिवाजाप्रमाणे आम्हाला घरी नेलं. कळपाची पहिली खबर आणणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्या लोकांची रीत. त्याच कळपातली एक मेंढी कापली. मोठ्या परातीत भात, वर ते मटण. मयताच्या कागदावर कफील, म्हणजे जामीनदार मालक, म्हणून त्याची सही लागणार होती, आणि पाहुण्यानं ताट नाकारणं म्हणजे त्याच्या घराचा अपमान. आम्ही बसलो. अबू मिशारी चांगले चांगले तुकडे तोडून बदरुद्दीनपुढे ठेवत होता आणि बदरुद्दीन मुकाट्यानं खात होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. सही मिळाली.

आता घरी विचारणं आलं. तिथे दहन करता येत नाही. एक तर तिथेच पुरायचं, नाही तर पेटीतून पाठवायचं, आणि दोन्हीला घरच्यांचा होकार लागतो. पांडूच्या बायकोचं नाव गोदावरी. बातमी तिला गावच्या सरपंचाकडून कळली होती. फोन मी करतो म्हणालो, बदरुद्दीन ऐकेना. माझ्या खोलीत पलंगावर बसून त्यानं नंबर लावला.

बाई रडली नाही. रडून झालं असावं. म्हणाली, “पाठवा. जसा आसंल तसा पाठवा.” मग तिनं विचारलं, “मेंढरं किती मेली?”

“एक पन नाय,” बदरुद्दीन म्हणाला.

“एकबी न्हाई?”

“नाय. ती पान्यावर गेली.”

ती काय हिशेब करतेय ते मला दिसत होतं. मी बदरुद्दीनला हातानं खुणावलं, फोन ठेव, आजारी होता म्हण, काहीही म्हण.

“मेंढरं पाण्याला गेली,” ती म्हणाली, “तर ह्ये का न्हाई गेले? लहानपणापसून मेंढरामागं हिंडलेला माणूस. त्येला काय सांगावं लागतंय व्हय? पाय मोडला व्हता का त्येचा?”

“नाय.”

“मंग?”

बदरुद्दीनला खोटं बोलता येत होतं. बढाया मारण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या दिवशी मात्र त्याची जीभ वळली नाही.

“मी त्याला सांगितलेला हलू नको म्हनून. तो ऐकत नव्हता. मग मी शपथ घातली त्याला. लेकीची.”

पलीकडे एक कोंबडी ओरडली, कुणीतरी भांडं सरकवलं. मग गोदावरी म्हणाली, “चाचा, फोन स्पीकरवर हाय. लेक हितंच बसलीया.”

आणि मागून पोरीचा आवाज आला, अगदी साधा, शाळेत बाईंना विचारावं तसा.

“मव्ही शपत घातली व्हती?”

मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला. बदरुद्दीननं तो दिला नाही. फोन दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, “हां बाय, तुजी.”